कुत्र्याला आपला हात कसा दिसतो?

(गुहागर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कुत्र्याशी बोलायला आपल्याकडे शब्द तसे कमीच. जवळ बोलवायचं तर ‘यू यू’, हाकलायचं तर ‘हाड’, आणि कोणाच्या अंगावर सोडायचं तर ‘छू’. एवढ्यात आपला व्यवहार भागतो. बाकीचं सगळं आपण हातानं बोलतो. भाकरी टाकणारा हात, साखळी अडकवणारा हात, काठी उगारणारा हात, कानातली गोचीड उपटणारा हात. कुत्र्याच्या दृष्टीनं हे सगळे एकाच माणसाचे हात आहेत. आणि समोर आलेला हात यातला कोणता, हे त्याला क्षणात ठरवावं लागतं.

आजचा विषय ‘मारझोड न करता कुत्र्याचं शिक्षण आणि निगा’ असा जाहीर झालाय. विषय मोठा आहे. मी त्यातलं एकच सूत्र धरून बोलणार आहे, ते म्हणजे हा हात. कारण मी कुत्र्यांचं ग्रूमिंग आणि ट्रेनिंग दोन्ही करते, आणि या दोन्ही कामांत शेवटी प्रश्न एकच उरतो: हा कुत्रा मला हात लावू देतो का?

एक प्रयोग तुम्ही सगळ्यांनी केलेला आहे. रस्त्यावर कुत्रा अंगावर आला, की आपण खाली वाकतो आणि दगड उचलल्यासारखं करतो. हातात दगड नसतो, तरी कुत्रा मागे फिरतो. पाव्हलॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाचं नाव ऐकलं असेल. कुत्र्याला खाणं देण्याआधी ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानंच त्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवलं. पचनसंस्थेवरच्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं होतं. आपला वाकण्याचा प्रयोग तोच आहे, फक्त लाळेच्या जागी भीती आहे. आधी वाकणं, मग दगड. हे दोन-चार वेळा झालं की वाकणं म्हणजेच दगड. हे त्याला कोणी मुद्दाम शिकवलेलं नाही, आणि तरीही किती पक्कं शिकलाय बघा!

म्हणजे कुत्रा शिकतोच. आपण शिकवायला बसलो तरच शिकतो असं नाही, तो दिवसभर शिकत असतो. ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच’ असं आपण म्हणतो. आता मुळात शेपूट नळीत घालणं हीच जबरदस्ती झाली, तेव्हा ती म्हण रचणाऱ्याची पद्धत चुकली, असं माझं मत आहे. (हशा)

आता आपल्या गावाकडे येऊ. इथं कुत्रा बऱ्याचदा आगर राखायला पाळतात. वांदर नारळ पाडतात, रानडुक्कर कंद उकरतात, म्हणून कुत्रा. दिवसा साखळीला, रात्री मोकळा. आता बिबट्याच्या भीतीनं रात्रीही पडवीत बांधतात. अशा कुत्र्याला हात लावायचे प्रसंग वर्षात किती येतात? रोज लागतो तो साखळी घालण्या-काढण्यापुरता. आणि मग पावसाळा आला, की अंगभर गोचीड. तेव्हा दोघं धरतात, एक जण कानात चिमटा घालतो, कुत्रा ओरडतो, कोणीतरी एक ठेवून देतो. पुढच्या वेळी तो कुत्रा हात दिसला की पळतो. त्याच्या पुढच्या वेळी गुरगुरतो. तिसऱ्या वर्षी घरातले म्हणतात, ‘हा हात लावू देत नाही हो, चावका आहे.’

इथं प्रश्न नुसत्या लाडाचा राहत नाही. आपल्या दमट हवेत कुत्र्याची तांबूस गोचीड जोरात वाढते. एक मादी हजारो अंडी घालते, आणि ती कुत्र्याच्या अंगावर घालत नाही, खाली उतरून चिऱ्याच्या भिंतीच्या फटीत, गडग्यात, पडवीच्या कोपऱ्यात घालते. तिच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू रक्तात जातात. आपण त्याला सरसकट गोचीड-ताप म्हणतो. कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेत कळलं तर औषधं आहेत. पण वेळेत कळायला कुत्र्याचे ओठ वर करून हिरड्या बघता आल्या पाहिजेत, बोटांच्या बेचक्यात बघता आलं पाहिजे, आणि दवाखान्यात रक्त घेऊ दिलं पाहिजे. ज्याला हात लावता येत नाही, त्याचा आजार कळेपर्यंत फार उशीर होतो. म्हणून मी म्हणते, मारझोड न करणं हे शहरातल्या हौशी लोकांचं फॅड नाही. जिथं डॉक्टर लांब, तिथं त्याची गरज जास्त.

जाता जाता दोन गोष्टी सांगते, कारण त्या दरवर्षी होतात. गोचिडीवर रॉकेल ओतू नका, काडीनं चटका देऊ नका. आणि आंब्यावर फवारायचं औषध अंदाजानं पाण्यात मिसळून कुत्र्याला त्यानं आंघोळ घालू नका. त्यानं कुत्रा दगावू शकतो. गोचीड बारीक चिमट्यानं कातडीलगत धरायची आणि सरळ, सावकाश ओढायची. नखानं चिरडायची नाही. अंगावर खूप असतील तर हातानं काढत बसू नका. गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांना वजन सांगून घ्या. कुत्र्यासाठी आणलेलं औषध मांजराला लावू नका, त्यातली काही मांजराला विषारी असतात.

बरं, मारून काम होत नाही का? होतं. म्हणून तर लोक मारतात. कुत्रा गुरगुरला, आपण फटका दिला, गुरगुरणं थांबलं. आपल्याला वाटतं सुधारला. पण गुरगुरणं म्हणजे काय? ‘मला भीती वाटतेय, जरा लांब हो’ एवढंच तो सांगत होता. भीती गेली का? ती वाढली. आता ती सांगायची सोय तेवढी गेली. मग एक दिवस घरातलं मूल शेपटाला हात लावतं आणि कुत्रा ‘अचानक’ चावतो. या ‘अचानक’ चावणाऱ्या कुत्र्यांच्या मागची हकिकत विचारली, की बऱ्याचदा गुरगुरण्यावर खाल्लेला मार निघतो. पुढे त्या कुत्र्याचं काय होतं तुम्हाला ठाऊक आहे. कोणीतरी गाडीत घालून दुसऱ्या गावच्या किनाऱ्यावर सोडून येतं.

पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर एक अभ्यास झाला, २०२० साली प्रसिद्ध झाला. काही कुत्रे बक्षिसावर शिकवणाऱ्या वर्गांतले होते, काही झटके देऊन, ओरडून शिकवणाऱ्या. दुसऱ्या गटातले कुत्रे शिकताना जास्त वेळा ओठ चाटत होते, जांभया देत होते, अंग चोरत होते. शिकवणीनंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त वाढलेलं होतं. मला सगळ्यात लक्षात राहिली ती त्यातली भांड्याची परीक्षा. एका बाजूला ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाणं, दुसऱ्या बाजूच्या भांड्यात कधीच नाही. हे कळल्यावर भांडं मध्येच कुठंतरी ठेवायचं. ज्यांना सगळ्यात जास्त शिक्षा होत होती, ते कुत्रे या मधल्या भांड्याकडे बिचकत, सावकाश गेले. काही चांगलं मिळेल अशी अपेक्षाच त्यांची कमी झाली होती. आणि ही परीक्षा वर्गात घेतलेली नव्हती. वर्गातली भीती कुत्र्यानं बाहेर सोबत आणली होती.

कोणीतरी म्हणेल, कुत्रा हा लांडग्याचा वंशज, त्याला मालक कोण हे दाखवावंच लागतं. टीव्हीवर दाखवतात ना, मान धरून उताणा पाडायचा. या कल्पनेचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या लेखात आहे. त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहिले होते. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले लांडगे. डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ती कल्पना पुढे नेली. मग त्याच मेक यांनी वर्षानुवर्षं कॅनडाच्या उत्तर टोकाला मोकळे लांडगे पाहिले आणि १९९९ साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, दुसरं काही नाही. ज्यानं कल्पना पसरवली त्यानंच ती मागे घेतली. आपल्याकडे मात्र ती अजून जोरात आहे! अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या प्राणिवर्तन संघटनेनं २०२१ साली स्पष्ट म्हटलं आहे, की कुत्र्यांचं सगळं शिक्षण बक्षिसावरच व्हावं, आक्रमक कुत्र्यांचंसुद्धा.

आता करायचं कसं, ते नीट सांगते, कारण गोंधळ इथंच होतो.

धरून चालू, मोत्या नावाचा कुत्रा आहे आणि त्याला कानाला हात लावलेला चालत नाही. लोक काय करतात? डाव्या हातानं बिस्किट पुढे करतात आणि तो खाण्यात गुंतला की उजव्या हातानं कान पकडतात. हे उलटं झालं. यातून मोत्या शिकतो, की बिस्किट दिसलं म्हणजे आता कान पकडणार. चार दिवसांनी तो बिस्किट बघूनही मागे सरकतो. क्रम असा हवा: आधी हात, मग खाणं. हात कानापासून वीतभर अंतरावर न्यायचा, थांबायचं, ‘हां’ म्हणायचं, हात मागे घ्यायचा, आणि मग तुकडा द्यायचा. वीतभरावर मोत्या निवांत असेल, हात येताना बघून शेपूट हलवायला लागला असेल, तर पुढच्या वेळी चार बोटं. मग नुसता स्पर्श. मग कान क्षणभर वर. मग चिमटा दाखवायचा, मग चिमट्याची थंड पाठ टेकवायची. दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा. शेवटी चिमट्यानं एक गोचीड काढायची आणि त्या दिवशी तिथंच थांबायचं.

तो ‘हां’ कशाला? कारण वेळ फार महत्त्वाची असते. थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना कडी उघडायच्या पेट्यांत ठेवून दाखवलं, की ज्या कृतीनंतर लगेच चांगलं घडतं ती कृती पुन्हा पुन्हा होते. यातला ‘लगेच’ महत्त्वाचा. खिशातून तुकडा काढेपर्यंत पाच सेकंद जातात, तोवर मोत्यानं अंग खाजवलेलं असतं, आणि बक्षीस खाजवण्याला मिळतं. ‘हां’ म्हणजे पावती, माल मागून येतो. परदेशात यासाठी टिक-टिक वाजणारी डबी वापरतात. तुमच्या तोंडात एक छोटा, ठरलेला शब्द असेल तर डबी लागत नाही. फक्त तो शब्द एरवी वापरू नका. ‘हां’ आपण फोनवर दिवसभर म्हणतो, तेव्हा ‘टिक’ म्हटलंत तरी चालेल.

तुकडा कसला? चण्याएवढा. उकडलेलं चिकन, अंडं, सुका जवळा उत्तम, पण सुक्या मासळीला मीठ फार असतं, तेव्हा धुऊन, उकळून घ्या. शाकाहारी घरात पनीर, उकडलेलं रताळं, ओल्या खोबऱ्याचा बारीक तुकडा. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट नको. शिजवलेली हाडंही नकोत, ती फुटून आतड्यात लागतात. आणि जेवढं असं द्याल, तेवढं जेवणातून कमी करा.

मग पुढची पायरी, मला आवडते ती. घरातला जेवायचा पाट घ्या, नाहीतर घडी केलेला टॉवेल. कुत्र्याला त्यावर हनुवटी टेकवायला शिकवा. हनुवटी टेकलेली आहे तोवर आपण काम करायचं, हनुवटी उचलली की हात लगेच मागे. बघा, कुत्र्याच्या तोंडी आपण ‘थांब’ हा शब्द दिला. त्याला थांबवता येतं हे कळलं, की तो फार कमी वेळा थांबवतो. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण करून बघा. जगातल्या अनेक प्राणिसंग्रहालयांत तरस आणि जिराफ याच पद्धतीनं, बेशुद्ध न करता, स्वतःहून उभे राहून रक्त काढू देतात. जिराफाला काय चार जण धरणार?

नखांचं थोडक्यात. आगरात, चिऱ्यावर हिंडणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात, पण पंजाच्या आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख जमिनीला लागत नाही. ते गोल वळून कातडीत रुतलेलं मी कितीदा पाहिलंय. महिन्यातून एकदा तेवढं बघा. टोकाचा जरासाच भाग कापा, आत जिवंत शीर असते. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा. आंघोळीला माणसाचा साबण नको, आणि आठवड्याला आंघोळ तर मुळीच नको. आपल्या गावठी कुत्र्याला रबरी ब्रश पुरतो. मुंबई-पुण्याहून जी लांब केसांची कुत्री आली आहेत, त्यांचं काम वेगळं. हस्की किंवा गोल्डन रिट्रीव्हरचे केस गरम होतं म्हणून मशीननं साफ उडवू नका, दुहेरी केसांचा थर नीट परत येईलच असं नाही. शित्झूच्या केसांत गाठी झाल्या असतील तर ओढत बसण्यापेक्षा त्या कापलेल्या बऱ्या. देखणेपणापेक्षा त्याचा विश्वास टिकणं महत्त्वाचं.

आणि मुसकं. बैलाला बांधतो तसं. कुत्र्यासाठी जाळीचं, तोंड उघडून धापा टाकता येतील असं मिळतं. ते शिक्षा म्हणून घालू नका. आत तुकडा ठेवा, त्याला स्वतःहून तोंड घालू दे. आठवड्याभरात तो मुसकं बघून धावत येईल. मग दवाखान्यात सगळेच निर्धास्त.

आक्षेप येतो, ‘खाऊसाठी ऐकणारा कुत्रा कामाचा नाही.’ मुंबईत १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पोलिसांचा झंजीर नावाचा लॅब्रॅडॉर होता. पुण्याच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला. तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून देण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. आता विचार करा, वास काढणं हे काम मारून करून घेता येईल? कुत्र्याचं नाक आतून चालतं, ते दोरीनं ओढता येत नाही. म्हणून वास घेणाऱ्या कुत्र्यांचं शिक्षण जगभर शोध लागला की चेंडू, शोध लागला की खाऊ, याच पायावर उभं असतं. ज्या कामावर माणसांचे जीव अवलंबून, तिथं हे चालतं. मग आपल्या पडवीत का नाही चालणार?

खाऊबद्दल आणखी एक. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. २०१७ साली त्यांनी दाखवलं, की अनोळखी माणसानं पुन्हा पुन्हा भेटून काही कुत्र्यांना खाणं दिलं आणि काहींच्या डोक्यावरून हात फिरवला, तर विश्वास जास्त बसला तो हात फिरवणाऱ्यावर. हे ज्यांना लोक दगड मारतात ते कुत्रे, बरं का.

एक मर्यादा सांगायला हवी. कुत्र्याला अपघात झालाय, पोटात गळ गेलाय, तेव्हा पाट आणि हनुवटी करत बसायला वेळ नसतो. धरावं लागतं. पण चार जणांनी दाबून धरण्यापेक्षा डॉक्टरांकडून गुंगीचं औषध बरं, आणि बरा झाल्यावर पुन्हा वीतभरापासून सुरुवात. तसंच, एकाएकी हात लावू देईनासा झालेला कुत्रा दुखण्यानं तसा वागत असतो, हे आधी तपासा. आणि कुत्रा चावलाच, तर कुठलाही असो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. त्यावर हळद, मिरची काही नको.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: आमचा टायगर किनाऱ्यावर सोडला की कासवांची घरटी उकरतो. मारायचं नाही, तर करायचं काय?

हा खास आपल्या किनाऱ्याचा प्रश्न आहे. हिवाळ्यात इथं ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. कासवाचं अंडं हे चण्याएवढ्या चिकनपेक्षा मोठं बक्षीस आहे, तिथं तुमचा खाऊ हरणार. तेव्हा विणीच्या दिवसांत त्याला लांब दोरीवरच फिरवा, विषय संपला. मारझोड नाही म्हणजे मोकाट सोडणं नाही. आणि उरलेलं वर्ष ‘यू यू’ पक्कं करा. आज अंगणात दहा पावलांवरून, मग सुरूच्या बनात, मग ओहोटीच्या वेळी मोकळ्या वाळूवर. आला की प्रत्येक वेळी काहीतरी द्या आणि पाचपैकी चार वेळा पुन्हा सोडून द्या. एक गोष्ट कधीच करू नका, ‘यू यू’ करून जवळ बोलवायचं आणि मग फटका द्यायचा. नाहीतर बोलावणं म्हणजेच हाकलणं होऊन बसतं.

प्रश्न: आमचा कुत्रा नऊ वर्षांचा आहे, जवळजवळ सगळं आयुष्य साखळीला. आमचे सासरे सोडून कोणाला जवळ येऊ देत नाही. आता या वयात काही होईल?

होईल, पण पिल्लाइतकं भरभर नाही, वहिनी. पिल्लाचं तीन ते साधारण बारा-चौदा आठवड्यांचं वय हे हाताची ओळख करून घ्यायचं वय, ते गेलं. तुम्ही हात लावायचा विचारच महिनाभर सोडा. साखळी लांब आणि हलकी करा. आखूड किंवा जड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. साखळी जिथवर पोचते त्याच्या दोन पावलं बाहेरून रोज जाताना एक तुकडा टाका आणि न थांबता पुढे जा. त्याच्याकडे टक लावून बघू नका, वाकू नका. आठ-दहा दिवसांत तुमची पावलं ऐकून तो उठून उभा राहतो का, शेपूट सैल आहे का, ते बघा. तसं झालं की एक पाऊल जवळून जा. सासऱ्यांना मात्र आजपासूनच कामाला लावा. त्यांना तो हात लावू देतो ना, मग रोज त्यांनी एकदा कान आणि एकदा हिरड्या बघून तुकडा द्यायचा. पावसाळ्याआधी एवढं जमलं, तरी या वर्षीची गोचीड कोणाला न चावता निघेल.